एका डोळ्याने पक कसा दिसायचा? विली ओ'री आणि मुलांचे प्रश्न: चौघांची ऑनलाइन चर्चा

निळी रेषा
विली ओ'री म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये उतरलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. 18 जानेवारी 1958, मॉन्ट्रियल फोरम. त्या दिवशी त्यांचा संघ बोस्टन ब्रुइन्स 3-0 जिंकला. 1998 पासून लीगचे दूत म्हणून ते रिंकवर जाऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत आले. त्यांची गोष्ट ऐकली की मुलांना एक प्रश्न हमखास पडतो: उजव्या डोळ्याने दिसत नसताना पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कशी दिसायची? 1955-56 च्या मोसमात, कॅनडातल्या किचनरच्या संघाकडून ज्युनियर हॉकी खेळताना पक डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची जवळपास सगळी नजर गेली. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं होतं.

माझं मत: या प्रश्नाला 'जिद्द होती म्हणून जमलं' असं उत्तर देऊन मुलांची बोळवण करू नये. खेळाच्या भाषेत पूर्ण उत्तर द्यावं. ओ'री डावे विंग, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारे खेळाडू. डाव्या विंगच्या डावीकडे बोर्ड (रिंकभोवतीची भिंत) आणि सगळा खेळ उजवीकडे, म्हणजे नेमका अंध बाजूला. प्रत्येक पाससाठी मान उजव्या खांद्यावरून वळवायची, आणि तेवढ्यात पक पुढे निघून जायचा किंवा अंगावर चेक (प्रतिस्पर्ध्याची धडक) यायचा. पुढे एनएचएलबाहेरच्या लॉस एंजेलिस ब्लेड्स संघात प्रशिक्षक आल्फ पाइक यांनी त्यांना उजव्या विंगवर आणलं. तिथे अंध बाजूला बोर्ड आले आणि खेळ चांगल्या डोळ्यासमोर. 1964-65 मध्ये त्यांनी 38 गोल केले. दहा वर्षांच्या मुलाला हे कागदावर रिंक काढून दाखवलं की पाच मिनिटांत पटतं.

उत्तरवारा
माहिती बरोबर आहे, पण क्रम मला मान्य नाही. डोळ्याची गोष्ट पुढे आली की 1958 चा सगळा प्रसंग एका माणसाच्या चिकाटीवर येऊन थांबतो. तेव्हा लीगमध्ये संघच सहा. ओ'री यांना पहिल्या वेळी फक्त 2 सामने मिळाले, मग थेट 1960-61 मध्ये 43. त्या मोसमात ब्रुइन्स तळाला होते. चार गोल करणारा आणि दहा गोलांना पास देऊन हातभार लावणारा, इतका वेगवान विंग तळाच्या संघालाही ठेवावासा वाटला नाही, मोसम संपताच त्यांना मॉन्ट्रियलच्या संघाला देऊन टाकलं. त्यानंतरचे कृष्णवर्णीय खेळाडू माइक मार्सन, तेही 1974 मध्ये. मधली तेरा वर्षं काही कुणाच्या डोळ्यामुळे रिकामी गेली नाहीत. मुलाने विचारलं नसलं तरी हे आधी सांगायला हवं.

कडेचा पास
निळी रेषा, विंग बदलल्याने सगळं सुटलं असं सांगितलंत तर ते अर्धवट होईल. स्वतःच्या भागात, कडेला पाठ करून पासची वाट बघणारा विंग डोळ्यासमोर आणा. डाव्या विंगला बचावपटूचा पास उजवीकडून येतो आणि दाबायला येणारा प्रतिस्पर्धी बचावपटू डावीकडून. उजव्या विंगचं बरोबर उलटं. म्हणजे ओ'री यांना आता पास दिसू लागला, पण बोर्डाला धरून धडकायला येणारा माणूस अंध बाजूला गेला. बचावासाठी स्वतःच्या गोलकडे परत धावताना तर खेळ पुन्हा उजव्या हातालाच. शिवाय ते डावखुरा फटका मारणारे. उजवीकडून वर जाताना मधून आलेला पास फोरहँडवर बसतो, पण बोर्डालगत मागून आलेला बॅकहँडवर घ्यावा लागतो. ही नवी सवय त्यांना लावून घ्यावी लागली.

यावर उपाय एकच, आणि तो दोन डोळे धड असलेल्या मुलांनाही शिकवतात: पक पोचायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागे बघून घ्यायचं. पक स्टिकच्या पात्यावर आल्यावर मागे बघून काही उपयोग नाही.

बर्फाळ सकाळ
मला काळजी वेगळीच आहे. ओ'री यांनी डोळ्याची गोष्ट लपवली. एका डोळ्याने अंध असलेल्या खेळाडूला लीगचे नियम खेळू देत नव्हते, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता हे कबूल. पण आठ-दहा वर्षांचं मूल यातून 'दुखापत सांगायची नाही' एवढंच उचलतं. डोक्याला मार लागल्यावर मुलं गप्प बसतात ती याच समजुतीने. पक म्हणजे 3 इंच व्यासाची, 1 इंच जाडीची रबराची चकती. वजन साधारण 156 ते 170 ग्रॅम, आणि सामन्याआधी गोठवलेली, म्हणजे उसळी कमी बसते. ओ'री यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीही नव्हतं. एनएचएलने नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं 1979 मध्ये, व्हायझर (डोळ्यांपुढची पारदर्शक काच) 2013 मध्ये. अमेरिका-कॅनडात लहान मुलांना आज पूर्ण चेहऱ्याची जाळी लागतेच. गोष्ट सांगताना ती जाळी मुलाच्या हातात द्या. हनुवटी कपात नीट बसली का आणि डोकं हलवलं तर हेल्मेट वेगळं हलतं का, हे त्यालाच तपासू द्या.

निळी रेषा
बर्फाळ सकाळ, जाळीबद्दल शंभर टक्के सहमत. लपवण्याबद्दल मात्र मुलांना तोलून मापून सांगितलं तर त्यांना फरक कळतो. पतौडींचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. 1961 मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजवा डोळा गेला, त्याच वर्षी कसोटी पदार्पण, पुढे कर्णधार. त्यांना काही लपवावं लागलं नाही. क्रिकेटने दार उघडं ठेवलं होतं, हॉकीने नियम करून बंद केलं होतं.

आणखी एक. एका डोळ्यावर पट्टी बांधून तीन मीटरवरून टेनिसचा चेंडू झेलायला दिला की मुलांना लगेच कळतं: लांबचा चेंडू दिसतो, हाताजवळ आल्यावर अंतर चुकतं आणि बोटं उशिरा मिटतात. पास घेतानाही शेवटच्या दोन मीटरमध्येच घात होतो. म्हणून पात्याने पकवर झडप घालायची नाही. पातं बर्फावर टेकवून, किंचित पुढे झुकवून ठेवायचं आणि पक लागताक्षणी मागे घ्यायचं.

कडेचा पास
हा प्रयोग फक्त जमिनीवर, मऊ चेंडूने आणि उभ्या जागी. बर्फावर पट्टी बांधून कुणालाही उतरवू नका. त्या बाजूचा साठ अंशांपलीकडचा भाग दिसेनासा होतो, बोर्ड किती जवळ आलेत ते कळत नाही. तोल जाऊन बोर्डावर जायची वेळ आलीच तर मान खाली घालायची नाही, डोकं वर ठेवायचं. मान खाली असताना डोक्याने धडकलं तर मणक्याला इजा होते.

उत्तरवारा
पतौडींच्या तुलनेत माझाच मुद्दा आला. दार कोणी बंद केलं, हे सांगायचंच. मुलं असंही विचारतात: वर्णावरून शिव्या दिल्या तर तुम्ही मारामारी केली का? ओ'री यांनी याचं उत्तर अनेकदा दिलं आहे. शिव्या या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या. हात उचलला तो अंगावर स्टिक घातली तेव्हा. शिवी आणि स्टिकचा वार यांत त्यांनी केलेला फरक मला विंगच्या आकृतीपेक्षा मोठा वाटतो, कारण स्टिकच्या वारावर रेफरी शिक्षा देऊ शकत होता, प्रेक्षकांतून आलेल्या शिवीवर नाही.

निळी रेषा
हे उत्तर सांगावं, मान्य. तरी सुरुवात मी आकृतीनेच करीन. मुलाने विचारलेला प्रश्न बाजूला ठेवून आपल्याला हवं ते सांगायला घेतलं की त्याचं लक्ष उडतं. आधी त्याचा डोळ्याचा प्रश्न, मग 1961 मध्ये ब्रुइन्सनी ओ'री यांना दूर केलं ते, मग 1974 पर्यंतची रिकामी वर्षं. ब्रुइन्सनी ओ'री यांची 22 क्रमांकाची जर्सी सन्मानाने छताला चढवली 18 जानेवारी 2022 ला, पदार्पणाला बरोबर 64 वर्षं झाली तेव्हा. एवढा उशीर का, हे मूल तिथे स्वतःच विचारतं.