सातारा ते सांगली: कुठल्या लेनमध्ये राहायचं, कुठली रेघ ओलांडायची?

कृष्णाकाठ: लायसन्स नवीन आहे. साताऱ्याहून कराड, पेठ नाका करत सांगलीला कार न्यायची आहे. हायवेला 80 च्या वेगाने जायचं तर लेन कुठली धरायची? उजवीकडे राहिलं की मागून डिपर मारतात, डावीकडे ट्रक आडवे येतात. शिवाय दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मधली रेघ कधी तुटक, कधी सलग, कधी जोडीने. ओलांडलेली चालते ती कुठली?

वाईकर: लेन डावीच. उजवी ओव्हरटेकसाठी आहे. तुमचा वेग 80 असो की 100, तिथे ठाण मांडायचं नाही. ट्रक दिसला की त्याच्या बुडाला जाऊन लेन बदलू नका, तिथून पुढचं काहीच दिसत नाही. लांबूनच आरसा बघा, इंडिकेटर द्या, तीन-चार सेकंद चालू राहू द्या, मान वळवून उजवा कोपरा बघा (आरशात न दिसणारी दुचाकी नेमकी तिथे असते) आणि मग सरका. ट्रकचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसले की परत डावीकडे या.

उड्डाणपुलाआधी सर्व्हिस रोड फुटतो, त्या बेचक्यात तिरक्या पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यांवर चाक घालायचं नाही. फाटा चुकला तर चुकू द्या, पुढच्या पुलाखालून वळून या. हायवेवर रिव्हर्स कधीच नाही.

घाटवाट: मधली रेघ तुटक असेल तर समोर मोकळं बघून ओलांडता येते, सलग असेल तर नाही. जोडरेघेत आपल्या बाजूची बघायची: ती तुटक तर आपल्याला मुभा, सलग तर नाही. दोन्ही सलग असतील तर कुणालाच नाही. यवतेश्वर घाटासारख्या वळणांवर रेघ पुसलेली असली तरी ती सलगच समजा.

पण तुटक रेघ म्हणजे समोरून कुणी येत नाही, असं नव्हे. गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत 20 ने चाललेला असतो, लांबी 18-20 मीटर. मागचं-पुढचं अंतर धरून 60 च्या वेगाने त्याला पार करायला साधारण सहा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 100 मीटर जाता, समोरचाही 60 ने येत असेल तर तोही 100. म्हणजे निदान 300 मीटर रस्ता स्वच्छ दिसल्याशिवाय बाहेर पडू नका. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर असेलच असं नाही, म्हणून रात्री वेग आधीच उतरवा.

वाईकर: रात्रीवरून आठवलं. रस्त्यात बसवलेले चमकते स्टड रंगाने ओळखा: डाव्या कडेला लाल, दुभाजकाकडे पिवळे, दोन लेनच्या मध्ये पांढरे. पावसात रंगाच्या रेघा दिसेनाशा होतात तेव्हा हेच कामाला येतात. आणि गावातल्या चौकात पिवळ्या जाळीचा चौकोन आखलेला असेल, तर पलीकडे तुमची गाडी मावेल एवढी जागा झाल्याशिवाय सिग्नल हिरवा असला तरी आत शिरू नका.