बांटू संस्कृतींचा अटलांटिकपारचा ठसा

प्रश्न : ब्राझीलमधील आफ्रिकी वारशाची चर्चा बहुतेकदा पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या देवतांपाशीच थांबते, मग अंगोला आणि काँगोच्या खोऱ्यातून गुलाम म्हणून नेलेल्या बांटू भाषाकुळातील लोकांचे तेथे नेमके काय उरले?

प्रतिसाद १ : पुष्कळ उरले, मात्र ते रोजच्या बोलण्यात इतके मुरले आहे की वेगळे असे दिसत नाही. ब्राझिली पोर्तुगीजमध्ये शेंडेफळाला 'कासुला' म्हणतात आणि मायेने केसांतून बोटे फिरवण्याला 'काफुने'. हे दोन्ही शब्द किंबुंदू या अंगोलातील बांटू भाषेतून आलेले मानले जातात.

प्रतिसाद २ : 'किलोंबो' विसरू नये. अंगोलात हा योद्ध्यांचा तळ होता, तर ब्राझीलमध्ये त्याच शब्दाने पळून गेलेल्या गुलामांच्या वसाहती ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांतील सर्वांत मोठी, पाल्मारेस, १६९४ मध्ये पडली आणि तिचा नेता झुंबी १६९५ मध्ये मारला गेला.

प्रतिसाद ३ : कापोएरा या ब्राझिली युद्धनृत्याच्या रिंगणातील बेरिंबाऊ हे वाद्य पाहावे : धनुष्याला एकच तार, खाली पोकळ भोपळा, आणि तो पोटाला टेकवला किंवा दूर केला की नाद बदलतो. अशाच घडणीची वाद्ये अंगोलात आहेत. धर्माविषयी म्हणाल, तर कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिली धर्माच्या अंगोला शाखेत ओरिशांऐवजी, म्हणजे योरुबा देवतांऐवजी, 'इंकिसे' ही बांटू दैवते पूजली जातात. चर्चा योरुबांपाशी थांबते, ती चर्चा करणाऱ्यांमुळे.