मदत हवी आहे: घरच्या सरकीतून कपाशीचं सरळ वाण (दरवर्षी घरचीच सरकी पेरता येईल असं) निवडायचंय, सुरुवात कुठून करू?

मुरमाड_रान:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू. त्यातलं दोन एकर रान मुरमाड, पावसानं दहा दिवस दांडी मारली की पऱ्हाटी माना टाकते. बियाण्याचं पाकीट नऊशेच्या घरात गेलंय आणि वाण कोणतं घ्यायचं ते दुकानदार ठरवतो. म्हणून मागच्या साली एक उद्योग केला. संकरित बीटीची (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीची) जी झाडं नजरेत भरली, त्यांचा दुसऱ्या वेचणीचा कापूस वेगळा ठेवला, सरकी काढली, शेणाच्या काल्यात चोळून वाळवली आणि यंदा जूनअखेर वीस तासं (ओळी) टोबली.

आता वावरात नुसती जत्रा आहे. एक झाड कमरेला, शेजारचं गुडघ्याला. एकाची पानं गुळगुळीत, तुडतुड्यांनी कडा लाल होऊन खाली वळलेली. त्याच्याच बाजूला पानाखाली लव असलेलं हिरवंगार झाड, फवारा न मारता. वडील म्हणाले, "पाकिटात दडलेले आजे-पणजे बाहेर आले." हसू आलं, पण दोन एकर लावलं असतं तर रडूच आलं असतं.

मला हवंय ते एवढंच: दिवाळीपर्यंत पहिल्या दोन वेचण्या हाती याव्यात, तुडतुड्यांना दाद देऊ नये, आणि सरकी दरवर्षी घरची वापरता यावी. या जत्रेतूनच चांगली झाडं निवडू का? की गावरानी, म्हणजे देशी कपाशी, धरू? चारही धुऱ्यांपलीकडे बीटी आहे, मधमाश्या तिकडचे परागकण आणतात, त्याचं काय करायचं?

सरकी_रुई:
वडील बरोबर बोलले. मी बारा वर्षं संकरित बीजोत्पादनाच्या प्लॉटवर काढली. दुपारनंतर मादी वाणाच्या उद्या उमलणाऱ्या कळ्यांचे पुंकेसर नखानं सोलून काढायचे, सकाळी नर वाणाचं फूल त्यावर फिरवायचं. एकेका बोंडाला माणसाचा हात लागतो, म्हणून पाकीट महाग. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ काढला, तो जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. त्याचे आईबाप गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरीलेस. त्या एच-४ ची सरकी पेरली असती तरी तुमच्यासारखीच जत्रा भरली असती. पहिली पिढी एकसारखी, दुसरीत गुणांची वाटणी होते.

बीटीचंही तेच. संकरात जनुक बहुधा एकाच बाजूनं येतं. म्हणजे त्याच्या बोंडातल्या दर चार सरक्यांमागे एक त्या जनुकाविना. बीजी-२ या पुढच्या बीटीत दोन जनुकं, तर सोळात एक सरकी दोन्हींविना. तीस सरक्यांच्या बोंडात अशा सरासरी दोन. गुलाबी बोंडअळीला आयतं ताट! बाहेरच्या बहुतेक देशांत बीटी सरळ वाणात आहे. संकरित पाकिटात घालून ते सगळीकडे पसरवलं ते आपणच.

तरी वीस तासं मोडू नका. पैदासकार मुद्दाम संकर करून अशीच दुसरी पिढी पेरतात आणि तिथूनच निवड सुरू करतात. फरक एवढाच की त्यांना पुढं सहा-सात पिढ्या धीर धरायचा असतो. तुमचा आहे का?

मुरमाड_रान:
धीर आहे, कारण दुसरं काही परवडत नाही. पण सहा वर्षं ऐकून पोटात गोळा आला.

काळी_माती:
एवढं थांबायचं नसेल तर तयार सरळ वाण आणा आणि त्यातच निवड करा. अमेरिकन कपाशीत (बीटीही याच जातीची) नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं सुरज, अकोल्याचं रजत. मुरमाड रानात ६० बाय १० सेंटिमीटरवर दाट लावतात, हेक्टरी १ लाख ६६ हजारांच्या आसपास झाडं. पाकिटं घेऊन इतकी झाडं लावायची तर घर विकावं लागेल. घरची सरकी असेल तरच हे जमतं.

मधमाशीचा प्रश्न मात्र अमेरिकनलाच. गावरानी कपाशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये ५२. शेजारच्या बीटीचे परागकण गावरानीवर पडले तरी बोंड धरत नाही, धरलं तर गळतं. म्हणजे चारही धुऱ्यांना बीटी असली तरी गावरानी शुद्ध राहते. अकोल्याचं एकेए-८ आहे. धागा लांब हवा तर परभणीच्या महबूब बाग संशोधन केंद्रातलं पीए-२५५.

मुरमाड_रान:
गावरानी आजोबा लावायचे. मला आठवतं ते आईचं कुरकुरणं. बोंड सुपारीएवढं, दिवसभर वेचून ओटी भरेना. वाऱ्यानं कापूस खाली पडायचा आणि बोंडाची टोकं बोटांत घुसायची. आज मजूर किलोवर वेचतात, लहान बोंडाच्या वावरात कोण येईल? शिवाय व्यापारी गावरानी पाहिली की आखूड धागा म्हणून भाव पाडतो.

काळी_माती:
हे खरं, त्याला उत्तर नाही. आखूड, जाडसर धागा सर्जिकल कापसाला चालतो. जळगावचं फुले धन्वंतरी त्यासाठीच काढलंय. पण गिऱ्हाईक आधी शोधा, मग पेरा. निम्मं रान अमेरिकन सरळ, चार तासं गावरानी, असं केलं तर वेचणीचा अंदाज तरी येईल.

सरकी_रुई:
मधमाशीची भीती अवाजवीही नको. कपाशीत बरंचसं स्वपरागीभवन होतं. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणापासून ३० मीटर अंतर लागतं, पायाभूतला, म्हणजे ज्यापासून प्रमाणित तयार होतं त्याला, ५० मीटर. तुमच्या निवडक झाडांना अंतर नको, दोरा पुरे. संध्याकाळी फिरा. उद्या उमलणारी कळी मेणबत्तीच्या टोकासारखी बाहेर आलेली दिसते. तिच्या पाकळ्यांच्या टोकाला दोरा बांधा. सकाळी फूल उघडत नाही, आतल्या आत फळतं.

निवड धुऱ्याकडच्या झाडांतून करू नका. त्यांना जागा, ऊन, खत जास्त मिळतं, झाड फसवतं. आतल्या तासांतली घ्या. त्या तासांत तुडतुड्यांसाठी एकही फवारा नको, नाहीतर लव कुणाची आणि औषध कुणाचं ते कळणार नाही. पान उलटं करून बोट फिरवा, लव लागेल.

वेचणीनंतर प्रत्येक झाडाचा कापूस वेगळ्या पिशवीत. शंभर ग्रॅम तोला, हातानं रुई काढा, रुई तोला. ३४ ग्रॅम निघाली तर उतारा ३४ टक्के. इथं बहुतेक जण फसतात: ३८ वाल्या झाडाला नारळ फोडतात आणि त्या झाडाची सरकीच किडमिडी असते. शंभर सरक्यांचं वजनही लिहा. हलकी सरकी मुरमाड रानात वर येत नाही. धाग्याची लांबी बघायला यंत्र नको, एका सरकीचे तंतू बारीक फणीनं दोन्ही बाजूंना विंचरा, मधोमध भांग पाडा आणि मोजपट्टी लावा.

पुढच्या वर्षी एका झाडाची सरकी एका तासात. तास एकसारखं दिसलं नाही तर अख्खं तास बाद, त्यातलं एखादं झाड कितीही सुंदर असो. मनाला लागतं ते हेच.

धुरा_बांध:
एक कायद्याचं. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आपल्याला बियाणं राखणं, पेरणं, वाटणं, विकणं, सगळं करता येतं, फक्त कंपनीसारखं ब्रँड लावून नाही. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणीही होते. पण जत्रेतल्या सरकीत बीटीचं जनुक आहे, ती विकायच्या भानगडीत पडू नका. आणि कुणी 'तणनाशक मारलं तरी मरत नाही' असं बियाणं दिलं तर हात लावू नका, त्याला मान्यता नाही.

मुरमाड_रान:
आभार. विकायचं नाहीच. ठरलं असं: जत्रेतली लव असलेली, ठेंगणी, लवकर पात्या (कळ्या) धरलेली झाडं निवडली, २३ भरली. पुढच्या साली एक एकर सुरज आणि चार तासं एकेए-८. आई अजून गावरानीच्या विरोधात आहे.

परवा संध्याकाळी ४० कळ्यांना दोरे बांधले. रात्रीपासून झड लागली. आज मोजलं तर ११ खाली पडलेल्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सुकलेल्या पाकळ्या दोऱ्यासकट गळाल्यात, आता कोणतं बोंड बांधलेलं आणि कोणतं उघडं तेच कळेना. कळ्या दोऱ्यानं पडल्या की पावसानं?

सरकी_रुई:
पावसानं. झडीत न बांधलेल्याही पडतात, शेजारच्या झाडाखाली बघा. दोरा पाकळ्यांबरोबर जाणारच, तो नियमच आहे. म्हणून त्याचं दुसरं टोक लांब ठेवून बोंडाच्या देठाला सैल गुंडाळायचं, लाल दोरा असेल तर उत्तम. ज्यांची खात्री नाही ती बोंडं सोडून द्या. पाऊस उघडला की पुन्हा चाळीस बांधा.