एमएम ५४० ला ३१ चे टायर टाकले, आता घाटात दम टाकते. क्राऊन-पिनियन बदलावं का?

चिपळूणची_जीप

नमस्कार मंडळी. माझी एमएम ५४० आहे. प्यूजोचं डिझेल इंजिन, चार गिअर, फोर बाय फोर. मूळचे टायर ६.००-१६. दिवाळीत १५ च्या रिम करून घेतल्या आणि ३१ बाय १०.५ चे (इंचात उंची बाय रुंदी) टायर चढवले. गाडी देखणी दिसते, बागेतल्या खडकाळ वाटेवर खालून घासतही नाही.

पण आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढायला लागलो की पंचाईत. आधी जिथं तिसऱ्यावर आरामात चढायची, तिथं आता तिसऱ्यात मरगळते आणि दुसरा टाकला की इंजिन नुसतं कोकलतं. एक मिस्त्री म्हणतात डिझेलचा पंप वाढवून घे. दुसरे म्हणतात मागचं क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली चाकं फिरवणारी दात्यांची जोडी) बदल, पुढचं आहे ते राहू दे, निम्मे पैसे वाचतील. फोर बाय फोर मी पावसाळ्यातच लावतो. कुणाचं ऐकू?

कराड_गॅरेज

भाऊ, पंपाला हात लावू नका. पंप वाढवला की धूर वाढेल, घाटात तापमानाचा काटा वर जाईल, आणि टायर मात्र आहे तेवढाच राहील. दुखणं टायरच्या उंचीचं आहे, तर औषध ॲक्सलमध्येच करायला हवं.

आधी हिशेब बघा. ६.००-१६ ची उंची साधारण साडेअठ्ठावीस इंच. ३१ चा म्हणून जो टायर मिळतो, तो हवा भरून फीत लावली की साडेतीसच्या आसपास भरतो. म्हणजे एका फेऱ्यात चाक सहा-सात टक्के जास्त अंतर कापतं आणि तेवढीच ओढ कमी होते. तुमच्या हौसिंगमध्ये (ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात) ८/३९ असेल (पिनियनला ८ दात, क्राऊनला ३९, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे) तर हे टायर टाकल्यावर ती गाडी ४.५६ वर चालल्यासारखी चालते. तिथं ८/४३ बसवलं, म्हणजे ५.३८, तर नव्या टायरवर हिशेब ५.०३ च्या जवळ येतो. मूळच्यापेक्षा तीन टक्के जास्त ओढ. पेट्या भरून घाट चढणाऱ्या गाडीला मला हेच पटतं.

पण आत ८/३९ च आहे हे गृहीत धरू नका. या जीपा चार-पाच हातांतून फिरलेल्या असतात, मागच्या मालकानं काय बसवलंय ते कुणाला माहीत? उघडायच्या आधी घरीच तपासा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर राहू द्या. शाफ्टवर खडूची रेघ मारा. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्ट पाचला जरा कमी फिरला तर ८/३९. पाच पूर्ण होऊन वर एक तृतीयांशाहून थोडा जास्त गेला तर ८/४३ आधीच आत आहे, मग क्राऊनला दोष देऊन उपयोग नाही, क्लच आणि इंजिनाचा दम बघावा लागेल.

आता "फक्त मागचं बदल" या सल्ल्याबद्दल. असं करूच नका. फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल तर मागचं चाक दहा फेरे घेतं तेवढ्यात पुढचं अकरा मागतं. चिखलात ते घसरून निभावेल, पण वाटेत दगड लागला, चाकांनी पकड घेतली की ताण कुठं जाणार? जॉइंट तुटेल, नाहीतर ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) दात जातील. तेही भर पावसात, डोंगरात. पुढचं बदलायचं नसेल तर पुढचा शाफ्ट काढूनच ठेवा आणि गाडीला फोर बाय फोर आहे हे विसरा.

डोंगरातला_फौजी

मी थोडं वेगळं सांगतो. चिपळूणच्या लाल चिखलाला एवढा रुंद टायर हवाच कशाला? अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागतो, रुंद वरच तरंगतो. ७.००-१६ टाका. उंची जवळपास हीच मिळेल, स्टिअरिंग हलकं राहील, पूर्ण वळवल्यावर स्प्रिंगच्या पाट्याला टायर घासणार नाही. आणि ब्रेकचा विचार कुणीच करत नाही! टायर उंच झाला की तेच ड्रम, तेच लायनर कमी पकड देतात. भरल्या गाडीनं कुंभार्ली उतरायचा आहे तुम्हाला.

कराड_गॅरेज

फौजी, ब्रेकचं अगदी खरं. हौसिंग उघडणारच आहे तर चारही ड्रम काढून बघून घ्यावेत. ७.००-१६ ही मलाही आवडतो, पण उंची तीच म्हणजे घाटाचं रडगाणंही तेच राहील.

आरटीओ_बाहेरचा

कागदाची बाजू सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून निकाल दिला आहे. कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. रिम आणि टायरचं माप बाहेरून दिसतं, पासिंगला तेच अडवतील. मूळच्या रिम भंगारात देऊ नका. विमा कंपनीलाही आधीच लेखी विचारून ठेवा.

चिपळूणची_जीप

काका, खडू लावून बघितलं. शाफ्ट पाचला जरासा कमी फिरला. म्हणजे ८/३९. पुढचं-मागचं दोन्ही करायचं ठरवलंय. ७.००-१६ चं पुढच्या वेळी बघू, हे टायर नवेकोरे आहेत. काम इथंच ओळखीच्या मिस्त्रींकडे देणार आहे. कशावर लक्ष ठेवू?

कराड_गॅरेज

जोडी बघून घ्या. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर वेगळा दिसला तर माल परत करा, कितीही स्वस्त असला तरी. मागचं ॲक्सल डाना ४४ जातीचं असेल तर ४.८८ आणि ५.३८ ला पिंजरा (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) तोच चालतो, तो खर्च नाही. बेअरिंग मात्र नवीनच घाला.

मिस्त्रींना विचारा, डायल गेज (बारीक फरक मोजायचं काट्याचं माप) आहे का? "हातानं हलवून अंदाज येतो" म्हणाले तर दुसरीकडे जा. क्राऊन-पिनियनच्या दातांमधला खेळ, म्हणजे मोकळीक, ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर हवा. एवढा फरक हाताला कळत नाही.

आणि ठसा काढतील तेव्हा स्वतः उभे राहा. शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावायचा, क्राऊन लाकडाच्या तुकड्यानं जरा दाबून धरायचा आणि पिनियन फिरवायचं. शेंदूर जिथं पुसला जातो तो ठसा. तो दाताच्या मधोमध पडला पाहिजे. मुळाकडे पडला तर पिनियन फार आत गेलंय, शिम (पिनियनमागची पातळ चकती) कमी करायची. दाताच्या वरच्या टोकाकडे पडला तर शिम वाढवायची. पुन्हा उघडा, पुन्हा बसवा. चांगला मिस्त्री इथं कंटाळत नाही. घाईनं बांधलेलं डिफरन्शियल महिन्याभरात साठच्या वेगाला ओरडायला लागतं.

तेल ९० नंबरचं, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी, हलक्या पायानं चालवा आणि हौसिंग पूर्ण गार होऊ द्या. असं तीन-चारदा करा. पाचशे-सातशे किलोमीटर होईपर्यंत पेट्या भरू नका, घाट तर नाहीच. मग तेल बदला. जुन्या तेलात चंदेरी चकाकी दिसेल, ती दात एकमेकांत बसल्याची असते. नखानं उचलता येईल असा तुकडा सापडला तर मात्र गाडी तिथंच थांबवा आणि मला फोटो पाठवा.

वेगाच्या मीटरचं राहिलं. आत्ता काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६४ नं जाताय. ८/४३ बसल्यावर काटा किंचित जास्त दाखवेल, त्यानं काही बिघडत नाही. सपाटीवर मात्र ८० च्या पुढं इंजिन जास्त बोलेल. मुंबईला सारखं जाणं असेल तर आत्ताच सांगा, मग ८/४३ बद्दल पुन्हा बोलू.

चिपळूणची_जीप

मुंबईला एसटीनं जातो काका. जीप बाग ते कराड एवढीच. पुढच्या आठवड्यात सामान आणतो, नंबर जुळतात का बघून इथं फोटो टाकतो.