बागेतल्या तळ्यात स्वतःची कयाक उतरवू द्यावी का?

तापीकाठ:
कॉलनीजवळच्या बागेत छोटं तळं आहे, तिथे वॉचमन हवेची कयाक (हवा भरून फुगवायची, वल्ह्याची छोटी बोट) उतरवू देत नाही, बोर्डावर मात्र फक्त पोहायला मनाई आहे. माझं म्हणणं, सकाळी ६ ते ८ परवानगी द्या. शिकायला असंच पाणी पाहिजे, छातीइतकं, न वाहणारं, आणि भोवती झाडं असल्याने वारा लागत नाही. मेहरूण तलावावर वारा सुटला की हवेची बोट पाण्यावर टेकलेली नुसती, गोलगोल फिरते, नवीन माणूस वल्हं मारून मारून दमतो पण काठ काही येत नाही.

केळीचं_पान:
ना भो. ते तळं केवढं, चार वल्ही मारली की समोरचा काठ! टिबुकली पक्ष्याचं घरटं पाण्यावरच तरंगतं, बोट दिसली की ती अंडी पाल्याने झाकून बुडी मारते आणि तू गोल गोल तिथेच फिरणार म्हणजे ती परत येणार कधी? शिवाय काठाच्या उथळ पाण्यात वल्हं तळाला लागतं, गाळ ढवळला की त्यातलं खत पाण्यात सुटतं, मग शेवाळ माजतं आणि मासे गुदमरून वर येतात.

तापीकाठ:
ताई, गाळ माझ्या एका बोटीने ढवळतो आणि गणपतीत टाकलेल्या निर्माल्याने काही होत नाही का? घरट्याच्या कोपऱ्याला दोरी बांधा, पावसाळ्यात ती अंडी घालते तेव्हा बंदच ठेवा, मला चालतं.

भुसावळ_लोकल:
पक्षी राहू द्या, पोरांचं बोला. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तोही शहरातलाच तलाव होता.

तापीकाठ:
ती ठेक्याची बोट, क्षमतेपेक्षा जास्त पोरं भरलेली, सगळ्यांना लाइफ जॅकेटही नव्हतं. मी एक माणूस एक बोट म्हणतोय, जॅकेट नाही तर पाण्यात नाही.

केळीचं_पान:
आणि बघणार कोण? वॉचमन एकच, तो झाडांना पाणी घालेल की तुमची जॅकेटं तपासेल. तुला उतरू दिलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी ट्रकची ट्यूब घेऊन येईल, सोबत दोन लहान पोरं. त्यात तू मेहरूणवरून ओली बोट तशीच आणणार, जलपर्णीचा एक तुकडा चिकटून आला तरी बास, एका सीझनमध्ये तळं झाकलं जातं.

तापीकाठ:
हे जलपर्णीचं खरंय, धुऊन वाळवून आणायचा नियम पाहिजेच. पण बाकी सगळं "कोण बघणार" म्हणून बंद करायचं तर बागच बंद करा ना.

खापरावरचे_मांडे:
तुम्ही दोघं भांडून राहिले पण मे महिन्यात तिथे पाणी असतं का ते तर बघा, आपल्या उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर तर नुसतं उडून जातं. उन्हाळ्यात गुडघाभर चिखल, पावसाळ्यात टिबुकली. उरले थंडीचे तीन-चार महिने, तेवढ्यासाठी एवढी मारामारी?

तापीकाठ:
तेच तीन-चार महिने मागतोय भाऊ. सोमवारी अर्ज देतो.

केळीचं_पान:
दे. विरोधाचा माझा अर्ज तयार आहे, सोबतच जाऊ, रिक्षाचे पैसे वाचतील.