मदत हवी आहे: 'संगीत शारदा'मधलं मैत्रिणींचं पद नाचत-गात कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरची हौशी नाटकवाली मंडळी. नोकरी, दुकान, कॉलेज सांभाळून संध्याकाळी राजेंद्रनगरात तालमी करतो. आजवर एकांकिका आणि गद्य नाटकं केली, यंदा 'संगीत शारदा' हाती घेतलंय. देवलांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने १८९९ साली आपल्या इंदुरातच केला होता. इथल्या बहुतेक तरुण मुलांना हे ठाऊकच नाही, म्हणून हेच नाटक करायचं ठरलं. प्रयोग दिवाळीनंतर आहे.

हक्कांची अडचण नाही. देवल १९१६ साली गेले आणि लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षांची मुदत केव्हाच उलटली. अलीकडची कुणाची रंगावृत्ती उचलली तर मात्र त्यांची परवानगी लागेल, म्हणून मूळ पाच अंकांवरून आमची आम्हीच अडीच-पावणेतीन तासांची संहिता तयार केली. पदांना कात्री लावताना फार जिवावर आलं, पण ते काम झालं.

अडलंय ते 'म्हातारा इतुका न'पाशी. पंचाहत्तरीच्या नवरदेवाची पोरींनी केलेली ही थट्टा. प्रेक्षागृहातली अर्धी मंडळी ते पद मनात म्हणतच येणार, तेव्हा ते नुसतं ओळीत उभं राहून गायलं तर पडेल. नाच हवाच, यावर आमचं एकमत आहे. कसला नाच, यावर नाही.

संचातल्या काही मुलींनी सिनेमातल्यासारखा समूहनाच सुचवला आणि करूनही दाखवला. दिसायला छान होता, पण तो प्रेक्षकांकडे तोंड करून नाचायचा नाच. या पोरी कुणाला दाखवायला नाचत नाहीत, त्या मैत्रिणीभोवती जमून खेळतायत. माझं म्हणणं, मंगळागौरीचे खेळ घ्यावेत: झिम्मा, पिंगा, फुगडी, आगोटापागोटा. त्या काळच्या मुलींच्या अंगात हेच होतं. शिवाय लग्न झाल्यावर मंगळागौर येते, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नाही. जिचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवलं जातंय तिच्याभोवती मैत्रिणी तेच खेळ खेळतायत, हे नुसतं दिसलं तरी पुरे, वेगळा अभिनय नको.

पण गाता गाता हे खेळ होत नाहीत. झिम्म्यात ध्रुपद (फिरून फिरून येणारी पहिली ओळ) नीट जातं, पहिल्या अंतऱ्यापर्यंतही निभतं. दुसऱ्या अंतऱ्याला मुलींचा श्वास संपतो, मग त्या ओळ लवकर उरकायला बघतात आणि लय चढते. तबल्याला बसणारे काका हात आवरून धरतात, पण टाळ्या तबल्याच्या पुढे पळतात. पिंग्यात वाकावं लागतं, पोट आवळलं जातं आणि आवाज घशातून यायला लागतो. फुगडीत तर गाणं शक्यच नाही. त्यात हिरव्या चुड्यांचा खळखळाट इतका की शब्दच ऐकू येईनात. हे पद तर शब्दांवरच उभं आहे.

ट्रॅक लावून ओठ हलवा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. तो मला मान्य नाही. नाट्यपदात गाणारा एखादी जागा लांबवतो, समोरून दाद आली की पुन्हा घेतो, वन्समोअर आला तर पद पुन्हा होतं. ट्रॅकवर यातलं काहीच होत नाही, नाटक गाण्यापुरतं थांबतं आणि नंतर पुन्हा सुरू होतं. रंगमंचावर जी मुलगी उभी आहे तिच्याच गळ्यातून पद यावं, यासाठीच हा सगळा खटाटोप.

सध्या एक वाट धरली आहे. निम्म्या मुली बसून गातात, निम्म्या खेळतात, आणि खेळणाऱ्या फक्त ध्रुपदाला आवाज देतात. फुगडी दोन अंतऱ्यांमधल्या नुसत्या पेटी-तबल्याच्या तुकड्यावर घेतो. चुडे काढून प्रत्येकीच्या हातात दोन-दोनच बांगड्या ठेवल्या. पुष्कळ फरक पडला. पण फुगडी सोडून मुली धापा टाकत जागेवर येतात आणि पुढच्याच ओळीला आवाज पडतो. ज्यांनी मंगळागौरीचे कार्यक्रम बसवलेत त्यांनी सांगावं: खेळणाऱ्या आणि गाणाऱ्या पदाच्या मध्येच बदलता येतात का? श्वासासाठी काही वेगळा सराव करून घ्यावा का? आणि परकर-पोलक्यात फुगडी घालताना पाय अडकू नये म्हणून काय करता?

दुसरा प्रश्न साथीचा. आमची शारदा पेटीच्या काळी चार पट्टीत गाते, नायक कोदंड काळी एकमध्ये. काका म्हणतात, काळी एकचा तबला शारदेला मध्यमात (तिच्या 'म'वर) लागतो, तेव्हा एकावरच भागेल. काही पदांना तो खरंच छान लागतो. पण जिथे पंचमावर ('प'वर) ठेहराव आहे तिथे माझ्या कानाला खटकतं. जाणकारांनी सांगावं, काळी चारचा दुसरा तबला आणून पदागणिक बदलत जावा, की प्रेक्षकांच्या हे लक्षातही येत नाही? विंगेत जागा कमी आहे, म्हणून आधीच विचारतोय.

पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायचा ऑर्गन, मिळालेली नाही. साधी पेटी आहे, ऑर्गनच्या आवाजाचा कीबोर्डही आहे. कीबोर्डवर पट्टी बदलणं सोपं, पण दोन सुरांमधला पायपेटीचा तो भरलेला श्वास त्यात येत नाही. इंदूर, देवास, उज्जैन, महू या भागात कुणाच्या घरी चालू स्थितीतली पायपेटी असेल आणि ती दोन-तीन आठवड्यांसाठी देणं शक्य असेल तर जरूर कळवा. ने-आण, जपणूक आणि दुरुस्ती लागली तर तीही आमच्याकडे. वाजवणारे आमच्याकडे आहेत.

उच्चारांचंही विचारून ठेवतो. आमच्या मुली घरी मराठी बोलतात, बाकी दिवसभर हिंदी. 'जावई'तला ज आणि 'चूल'मधला च हिंदीसारखा येतो, 'ळ'चा ल होतो. बोलताना टोकलं की सुधारतात, गायला लागल्या की पुन्हा तेच. सध्या पदं आधी बिनचालीची, लयीत नुसती म्हणून घेतोय. याहून चांगला उपाय असेल तर हवाच आहे.

जवळपास राहणाऱ्या कुणाला एखाद्या संध्याकाळी तालमीला येणं जमलं तर फार बरं होईल. मंगळागौरीचे खेळ खेळलेल्या मावश्या, आज्या आल्या तर सगळ्यात उत्तम. मुलींना पिंग्याचा ठेका माझ्यापेक्षा त्याच नीट शिकवतील. इथे कळवा, पत्ता आणि वेळ व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.