अनुभव धागा: मानसिक आरोग्याचा अभ्यास करून काळजीवाहक होताना

वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग माणसांची काळजी घेण्याच्या कामात येण्याआधी बरेच जण मानसिक आरोग्याचा प्राथमिक अभ्यासक्रम करतात. त्यातलं काय कामावर उपयोगी पडतं, कुठे चुकतं आणि का, हे शिकवणाऱ्यांनी आणि काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. आपबिती नको, रीत सांगा. कोणी ओळखू येईल असा तपशील टाळा. खाली प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

नोंदवही

सगळ्यात आधी लिहायला शिका. 'आज चिडचिड करत होते' हे आपलं मत झालं. नोंद अशी हवी: 'दुपारी ४.१०. अंघोळीसाठी उठवताना हात झटकला, तीनदा "नको" म्हणाले. थांबून पडदा ओढला, १० मिनिटांनी स्वतःहून उठले.' वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडलं, माणसाने काय केलं, नंतर काय झालं.

नवशिके मधला रकाना भरभरून लिहितात आणि पहिल्यात 'काही कारण नाही' लिहून मोकळे होतात. खरी माहिती तर पहिल्याच रकान्यात असते. दुखणं, भूक, बद्धकोष्ठ, डोळ्यांवर येणारा उजेड, टीव्हीचा आवाज, श्रवणयंत्राची संपलेली बॅटरी, एकाच वेळी दोघांचं बोलणं, हे सगळं तिथे यायला हवं. आठवडाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की वेळ आणि प्रसंग जुळताना दिसू लागतात. एका दिवसावरून स्वभावाचा निष्कर्ष काढू नका.

रात्रपाळी

वरच्याला जोडून. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आणि डिलिरियम (आजारामुळे अचानक येणारा मनाचा गोंधळ) यांतला फरक परीक्षेपुरता पाठ करू नका, त्यावर जीव अवलंबून असतो. डिमेन्शिया बहुधा महिन्यावर्षांत हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि लक्ष टिकत नाही. वाक्य अर्ध्यावर सुटतं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, वेदना, नवीन औषध ही नेहमीची कारणं.

आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. निपचित पडून राहणारा, जेवताना डुलक्या घेणारा मात्र 'आज शांत आहेत' म्हणून सुटतो, आणि तोही डिलिरियम असू शकतो. त्यामुळे तुलना पुस्तकाशी नको, त्याच माणसाच्या कालच्या अवस्थेशी करा. बदल अचानक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 'वयामुळे होतं' हे कारण त्या दिवशी कुणी देऊ नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्नावली

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली बहुतेक अभ्यासक्रमांत असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५, १०, १५, २० या पायऱ्या सौम्यपासून तीव्रपर्यंत जातात. ही चाळणी आहे, निदान डॉक्टरच करतात. चुका ठरलेल्या: प्रश्न आपल्या शब्दांत फिरवून विचारणं, उत्तर नातेवाइकांकडून घेणं. शारीरिक आजारात झोप, थकवा, भूक यांचे गुण त्या आजारामुळेही चढतात, म्हणून नुसता आकडा कळवू नका. कोणत्या प्रश्नाला किती, तेही सांगा.

नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर एकूण बेरीज विसरा. शांतपणे, सरळ विचारा: 'आत्महत्येचा विचार मनात येतो का?' 'तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?' असं विचारलं की समोरचा 'नाही' म्हणून गप्प होतो, कारण आपणच त्याला उत्तर सुचवलेलं असतं. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' आलं तर पुढे: कसं करायचं ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, कधी? त्या माणसाला एकटं सोडू नका, गोळ्या आणि धारदार वस्तू बाजूला करा, वरिष्ठांना लगेच कळवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका.

गोळ्यांचा डबा

नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच दिवसांत येऊ शकते. म्हणून लोक आठवड्यात औषध सोडतात. हे आधीच समजावून सांगा. लिथियमवर (मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध) असलेल्याला जुलाब, उलट्या झाल्या किंवा पाणी कमी पडलं की रक्तातली पातळी चढते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकानेही चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) चालू असेल तर ताप किंवा घसादुखी साधी समजू नका, पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. शौचाची नोंदही रोज हवी, कारण या औषधाने होणारं बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं. गोळी न विचारता कुटू नका. काही गोळ्या शरीरात हळूहळू विरघळाव्यात म्हणूनच तशा बनवलेल्या असतात.

पायरी

मानसिक प्रथमोपचाराची (संकटातून गेलेल्याला दिलेला पहिला आधार) जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका तीनच क्रिया सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. घडलेला प्रसंग खोदून विचारू नका. हे समुपदेशन नव्हे.

नवीन विद्यार्थी

अभ्यासक्रम निवडताना काय तपासावं?

नोंदवही

देखरेखीखालचं प्रात्यक्षिक किती तासांचं आहे ते आधी विचारा. मग परीक्षा नुसती लेखी आहे की काम करताना कुणी उभं राहून पाहतं, हे विचारा. आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. टिपणं त्याआधीची असतील तर शिक्षकांना त्याबद्दल छेडा. आणि नोंद कशी लिहायची, हे शिकवतात का? नमुना म्हणून भरलेलं एक पान बघायला मागा. त्यातला पहिला रकाना वाचा.